पिवळी ओळ

मी माउसवरून हात काढला आणि खुर्चीतल्या तरुणाने तो माउस पुसला.

रुमालाने नाही. टेबलाच्या खणातून सॅनिटायझरची बाटली काढली, कापसाचा बोळा भिजवला, आणि माउसची वरची बाजू, खालची बाजू, मधले चाक असे सावकाश पुसून काढले. ऑफिसात सहा माणसे होती. दोघांनी मान खाली घातली. बाकीचे हसले.

"पेंटर, तुजं हात रंगाचं असत्यात," तो म्हणाला. "मशीन खराब व्हतं."

माझ्या हाताला अकरा दिवस रंग लागलेला नव्हता. माझ्या आधी त्याच माउसला वजनकाट्यावरच्या कारकुनाने हात लावला होता. त्याची बोटे तंबाखूने माखलेली होती. तेव्हा बाटली खणातच राहिली. कारकून वरच्या आळीचा, मी ओढ्यापलीकडच्या वस्तीतला. बाटली कोणासाठी निघते हे त्या ऑफिसात सर्वांना ठाऊक होते. मलाही होते. मी उठलो. बाहेर आलो.

तेव्हा मी चौसष्ट वर्षांचा होतो. पुसणारा अठ्ठावीसचा. त्याचे नाव रणधीर. साखर कारखान्याच्या एका संचालकाचा मुलगा आणि संगणक विभागाचा प्रमुख. कारखाना इंदापूर तालुक्यातला आहे. त्याचे नाव लिहीत नाही. नाव कोणतेही लिहिले तरी खणातून तीच बाटली निघेल.

मी त्या कारखान्यात तीस हंगाम अक्षरे रंगवली. पाइपांवरच्या सूचना, दारांवरच्या पाट्या, गाड्यांचे नंबर. माझ्या वयाच्या प्रत्येक माणसाला तिथे तात्या, आबा, अमुकराव अशी हाक होती. मला 'पेंटर' होती. कामावरून हाक पडते असे कोणी म्हणेल. गवंडी होता, त्याला दगडूआबा म्हणत.

माउसला मी हात का लावला, ते सांगतो.

कारखान्याच्या यार्डात उसाच्या बैलगाड्या उभ्या असतात. आत येताना प्रत्येक गाडीला नंबर मिळतो. नंबर आला की गाडी वजनकाट्यावर, तिथून गाळपाच्या तोंडाशी, गव्हाणीवर, ऊस रिकामा करायला. तोपर्यंत बैल जुवाखाली उभे. गाडीवानाची बायको गाडीच्या सावलीत. पूर्वी पुढचे नंबर मी फळ्यावर लिहीत असे. मग फळा गेला आणि काट्याच्या भिंतीवर मोठा टीव्ही लागला. त्याला ऑफिसातला संगणक जोडलेला. पडद्यावर चाळीस नंबरांची यादी.

यादी बदलली की पडदा पांढरा पडे. पूर्ण पांढरा. मग वरून खाली, पडदा ओढल्यासारखे चित्र उतरत येई. मी घड्याळ लावून पाहिले होते. नऊ सेकंद, कधी अकरा. एवढ्या वेळात यार्डातले शंभर लोक पांढऱ्या पडद्याकडे माना वर करून पाहत राहत. कोणी विचारले, तर काट्यावरचा कारकून ओरडे, "चित्र येतंय! थांबा की जरा!"

एक नंबर बदलला तर सगळी भिंत का पुसतात, हा माझा प्रश्न होता. भिंतीवरच्या पाटीत एक अक्षर बिघडले, तर पेंटर संपूर्ण भिंतीला चुना लावत नाही. बिघडलेल्या अक्षरापुरता पांढरा हात मारतो, वाळू देतो, तेवढेच अक्षर पुन्हा घालतो. हे मी ऑफिसात दाखवायला गेलो होतो. माउसने यादीची खिडकी थोडी बाजूला ओढली. तेवढाच गुन्हा.

चौथीत असताना माझे अक्षर वर्गात सर्वांत चांगले होते. गुरुजी मला फळ्यावर तारीख लिहायला लावत. खडू मात्र हातात देत नसत. टाकत. मी वाकून उचलत असे. इतर मुलांच्या हातात देत. त्या वयात मला वाटे, गुरुजींना घाई असते. चोपन्न वर्षांनी कापसाचा बोळा पाहताना मला ती घाई कळली.

दुसऱ्या सोमवारी मी भिगवणला जाऊन बारामतीची गाडी धरली.

बारामतीत घड्याळदुरुस्तीच्या एका दुकानावर, माडीवर, संगणकाचा क्लास होता. चालवणाऱ्या शेख मॅडम. दुकान त्यांच्या वडिलांचे. मी जिना चढून वर गेलो तेव्हा त्या कोणाचा तरी प्रिंटर उघडून बसल्या होत्या.

"कुणाचं ॲडमिशन, आबा? नातवाचं?"

"माझं."

"टायपिंग?"

"पडद्यावर चित्र कसं उमटतं, ते शिकायचं आहे."

त्या हसल्या. मग हसायच्या थांबल्या. "ते आमच्या कोर्समध्ये न्हाय. मला येतं, पर कुणी विचारत न्हाय. बसा."

बसा म्हणाल्या. खुर्ची पुढे केली. याची नोंद करून ठेवतो.

मी दहावी पास आहे. इंग्रजी अक्षरे चाळीस वर्षे रंगवली, त्यांचा अर्थ तिथे शिकलो. आठवड्यातून तीन दिवस. पहिले दोन महिने माझ्या प्रोग्रामने एक रिकामी चौकटसुद्धा दाखवली नाही. लाल अक्षरांत चुका यायच्या. अर्धविराम राहिला. कंस राहिला. क्लासमधली मुले अठरा-वीस वर्षांची. त्यांच्यात एक सोमनाथ नावाचा होता, पणदऱ्याचा. तो मागून वाकून बघायचा.

"आबा, गेम बनवताय व्हय? आमालाबी द्या की खेळायला."

"तुझा कालचा प्रोग्राम चालला का?"

"न्हाय."

"मग तोच खेळ."

तिसऱ्या महिन्यात चौकट आली. करड्या रंगाची, रिकामी. मी तिच्यात एक नंबर काढला. शेख मॅडमनी दुसरी खिडकी ओढून माझ्या चौकटीवर आणली आणि पुन्हा बाजूला केली. झाकला गेलेला नंबर अर्धा पुसला गेला होता.

"बघा आबा," त्या म्हणाल्या. "खाली काय हुतं ते मशीन ध्यानात ठेवत न्हाय. झाकलेलं उघडलं, की ते तुमच्या प्रोग्रामला निरोप धाडतं. एवढा एवढा तुकडा उघडा पडलाय, तेवढा परत रंगवा. निरोपात तुकड्याचं माप असतं. आळशी माणूस माप वाचत न्हाय. सगळंच रंगवत बसतो."

मी म्हणालो, "म्हणजे भिंतीला चुना."

त्यांना ते समजले नाही. मी समजावले. त्यावर त्यांनी वही उघडली आणि ते लिहून घेतले. शिकवणाऱ्याने माझे वाक्य लिहून घेण्याचा तो माझ्या आयुष्यातला पहिला प्रसंग.

पुढचे वर्षभर मी एवढेच शिकलो. जे बदलले, तेवढेच काढायचे. आणि काढायचे तेही लोकांसमोर नाही. संगणकाच्या स्मृतीत, आडोशाला काढायचे आणि पुरे झाले की एका झटक्यात पडद्यावर ठेवायचे. मग पडदा लुकलुकत नाही. कशाला किती वेळ लागतो ते अंदाजाने बोलायचे नाही, मोजायचे. सेकंदाचे हजार भाग करून मोजायचे. डोळ्याला अडखळ जाणवू नये असे वाटत असेल, तर चित्र सोळा भागांत आवरावे लागते. माझी यादी पहिल्यांदा तीनशेत आवरली. मग चाळीसमध्ये. मग चारमध्ये. चार हा आकडा आला तेव्हा मी क्लासमध्ये एकटाच होतो. उठलो, पाणी प्यालो, पुन्हा मोजले. चारच.

काम तपासण्याची एक रीत मॅडमनी दाखवली होती. पडद्याचा जो तुकडा नव्याने रंगवला जाईल, त्याच्या पाठीमागे क्षणभर रंग चमकवायचा. म्हणजे प्रोग्राम नेमके किती रंगवतो ते डोळ्यांना दिसते. मी पिवळा निवडला. नवा नंबर आला की तेवढी ओळ दोन सेकंद पिवळी होई. आधीच काढलेल्या ओळी नुसत्या वर-खाली सरकत, त्या पिवळ्या होत नसत.

पुढच्या हंगामात कारखान्याच्या पडद्याने मान टाकली. नऊ सेकंदांचे पाऊण मिनिट झाले. ज्यांनी ते सॉफ्टवेअर दिले होते, ते फोन उचलेनात. यार्डाचे सुपरवायझर नामदेवतात्या माझ्याच वयाचे. शाळेत एका वर्गात होतो. मनाने वाईट नाहीत, पण भितात. त्यांनी मला हळूच ऑफिसात नेले आणि म्हणाले, "बघ रं जरा. तू शिकतोयस म्हणं."

मी पाहिले. यादीच्या पाठीमागे चेअरमनसाहेबांचा फोटो होता, फिकट केलेला. तो फ्लेक्सवाल्याकडून आणलेला होता. वाढदिवसाच्या चाळीस फुटी फ्लेक्ससाठी तयार केलेला, त्याच मापाचा. दर वेळी एक नंबर बदलला, की प्रोग्राम तो अजस्र फोटो पहिल्यापासून उघडी, टीव्हीच्या मापाला आकसवी, फिकट करी, पडद्यावर लावी आणि त्यावर चाळीस नंबर काढी. आता तर वाढदिवसाचा नवा फोटो आला होता. तो आणखी मोठा.

"फोटो एकदाच लहान करून ठेवला, तरी निम्मे काम होईल," मी म्हणालो.

नामदेवतात्यांनी दाराकडे पाहिले. "साहेबांचा फोटो ल्हान करायचा? आसलं बोलू नगंस. आयकंल कुनीतरी."

शेवटी रणधीरकडे गोष्ट गेली. त्याला माझा प्रोग्राम दाखवला तेव्हा त्याने खुर्चीतून मान वळवली नाही.

"फुकाट हाय ना? मग लाव. चार दिस चालला तर लई झालं."

मी लावला. यादी तीच, नंबर तेच. फोटोही ठेवला, एकदाच आकसवून. पडदा पांढरा पडणे थांबले. नंबर बदलला की ओळ पिवळी होई आणि निवळे. तो तपासणीचा रंग मी काढायला विसरलो होतो. पुढे असे म्हटले गेले, की मी मुद्दाम ठेवला. मुद्दाम ठेवला नव्हता. नसलेल्या धैर्याचे श्रेय मला नको.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी यार्डात खांबावर सूचना रंगवत होतो. टायरच्या एका बैलगाडीवर कौसाबाई उभी होती. बालाघाटाकडची, दर हंगामाला नवऱ्याबरोबर ऊसतोडीला येणारी. तिला अक्षर येत नाही. नंबर मात्र चित्रासारखा ओळखते. त्या दिवशी तिचा दोनशे चौदा होता. नवरा तापाने गाडीखाली निजला होता, कासरा तिच्या हातात होता.

"ओ पेंटरबाबा! ही पिवळी रेघ कशाची?"

"नवीन नंबर आला, की ती ओळ पिवळी होते."

"नवीन मंजी मागून आलेला ना?"

"हो."

"मंग त्यो माझ्या वर कसा काय बसला?"

मी वर पाहिले. दोनशे चौदाच्या वर एक ओळ पिवळी झाली होती. दोनशे एकाहत्तर. मी पाहत असतानाच तिच्या खाली दुसरी पिवळी झाली. दोनशे बाहत्तर. दोनशे चौदा दोन घरे खाली सरकला.

पलीकडच्या गाडीवरचा एक म्हातारा ओरडला, "आगं कौसे, जावई हाय त्यो कारखान्याचा! बघ की, हळद लावूनशान आलाय!"

यार्ड हसले. त्यानंतर मधलीच ओळ पिवळी झाली, की कोणीतरी आरोळी देई, "आली, आली, वरात आली!" आणि सगळ्या माना पडद्याकडून काट्याकडे वळत. काट्यावर जी गाडी असे, ती दर वेळी एकाच मुकादमाच्या टोळीची. तो मुकादम रणधीरच्या मामाचा माणूस. कारकून आता 'चित्र येतंय' म्हणू शकत नव्हता. चित्र आलेलेच होते.

तीन दिवस हे चालले. मी मध्येच घुसलेली प्रत्येक पिवळी ओळ वहीत टिपली: नंबर आणि वेळ. सतरा झाल्या. तिसऱ्या दिवशी अकरा गाड्यांच्या माणसांनी शेतकी ऑफिसात तक्रारीचा अर्ज दिला. बहुतेकांचे अंगठे. कौसाबाईचा पहिला.

त्याच दुपारी रणधीरने मला बोलावले. एकटाच होता.

"ते पिवळं काढ."

"काढतो. ते तपासणीसाठी होते. माझ्याकडून राहिले."

"आन स्क्रीन पहिल्यासारखी कर."

"पहिल्यासारखी म्हणजे?"

"स्लो. चित्र यायला टाइम लागायचा, तेवढा लागू दे. फोटो परत मोठा टाक."

मी उभा होतो.

दीड वर्ष मी एका समजुतीवर काढले होते. यांना येत नाही, म्हणून पडदा मंद आहे. मला आले, की तो दुरुस्त होईल. दुरुस्त झाला, की मी कोण आहे ते यांना दिसेल. त्या एका आशेवर मी भिगवणच्या स्टँडवर गाड्यांची वाट पाहिली होती. पडदा बिघडलेला नव्हता. फोटो अजाणता घातला असेल, पण पांढऱ्या पडद्याआड कोणाचाही नंबर कोणाच्याही वर बसवता येतो, ते त्यांना पहिल्या आठवड्यात कळले होते. तो मंदपणा रोज त्यांच्या कामी येत होता. मी ज्याला अज्ञान समजत होतो, ती व्यवस्था होती. आणि मी तिच्याकडून शाबासकी मागायला गेलो होतो.

"नाही करणार," मी म्हणालो.

"काय?"

"पडदा मंद करणार नाही."

तो उठला. त्याचा आवाज एकदम मऊ झाला. "बसा, आबा. च्या मागवतो. आवो, येवढं काय त्यात? तुमाला आता हितंच कायम करू आमी. कॉम्प्युटरला. ब्रश घिऊन उनात कशापायी फिरताय?"

तीस हंगामांत पहिल्यांदा आबा. मी ती हाक ऐकली. तिच्यात काय ठेवले आहे, तेही ऐकले.

"मला पेंटरच म्हणा," मी म्हणालो आणि निघालो.

दुसऱ्या दिवशी गेटवर माझा पास घेतला. माझा प्रोग्राम काढून जुना लावला. पडदा पुन्हा पांढरा पडू लागला. तक्रार दिलेल्या अकरा गाड्यांना तेव्हापासून यार्डाच्या टोकाला उभे करतात.

परवा नामदेवतात्या घरी आले. ओढा ओलांडून आमच्या वस्तीत ते पहिल्यांदाच आले असावेत. चहा घेतला नाही. पोट बिघडले आहे म्हणाले. त्यांच्याजवळ टाइप केलेला कागद होता. मजकूर चार ओळींचा. माझ्या प्रोग्राममध्ये दोष होता, त्यामुळे पडद्यावर चुकीचे नंबर दिसले, वाहनधारकांचा गैरसमज झाला, त्याबद्दल मी दिलगीर आहे. सोमवारी चौकशी समितीपुढे यायचे आणि त्यावर सही करायची. सही झाली की पास परत.

"कर सही," ते म्हणाले. "मशीनची चूक म्हनायचं. मशीनला काय लागतंय? तुजं काय जातंय त्यात?"

"त्या अकरा अंगठ्यांचे काय होईल?"

"काय व्हायचंय? गैरसमज झाला म्हनून अर्ज निकाली. आन मुकादमाला सांगतील, आसली भांडखोर जोडपी पुढच्या सालाला आनू नगंस म्हनून."

"म्हणजे कौसाबाई खोटं बोलली, असं मी लिहून द्यायचं."

"तिचं नाव कुठं हाय कागदात?"

"नाही. माझं आहे."

त्यांनी पायांत चपला सरकवल्या. मग म्हणाले, "तू शिकायलाच नगं हुतंस रं." हे त्यांनी वाईट हेतूने म्हटले नाही. म्हणूनच ते इथे लिहून ठेवतो. वाईट हेतूने बोलणाऱ्याला उत्तर देता येते. ज्यांना आपली खरोखर कीव येते, त्यांनी आपल्यासाठी आखलेली जागा सर्वांत लहान असते.

कागद ते ठेवून गेले. मी तो दोनदा वाचला. शुद्धलेखनाच्या तीन चुका आहेत.

सोमवारी मी जाणार आहे. वेळेवर जाणार आहे. सही करणार नाही. पिवळा रंग काढायचा राहिला ही माझी चूक, ती कबूल करेन. पडद्यावरचा एकही नंबर चुकीचा नव्हता, हेही सांगेन. कोणता नंबर, किती वाजता, कोणाच्या वर बसवला गेला, ते माझ्याकडे लिहिलेले आहे. सतरा ओळी आहेत. मी उभा राहून एकेक वाचेन. मध्येच थांबवले, तर पुन्हा पहिल्यापासून वाचेन.